जाड कापडाची शिवण : आधी दोरा, मग सुई

जाड कॅनव्हास किंवा तंबूचे कापड शिवायला घेतले की बहुतेक जण आधी सुईचा विचार करतात. मीही बरीच वर्षे तेच करत होतो. परंतु स्वतः शिवलेल्या एका छताचे कापड शाबूत असताना त्याची शिवण मात्र हाताने ओढताच उसवत गेली, तेव्हापासून मी आधी दोरा ठरवतो आणि त्या दोऱ्याला साजेशी सुई नंतर शोधतो.

त्या छताला मी नायलॉनचा दोरा वापरला होता. नायलॉन मजबूत असतो, झटका सहन करतो, त्यामुळे पिशव्या आणि पट्टे शिवायला तो उत्तमच. पण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तो हळूहळू ठिसूळ होतो आणि भिजला की ताणला जातो. उन्हात पॉलिस्टर त्याहून बराच अधिक टिकतो, म्हणून उघड्यावरच्या कामासाठी मी तोच घेतो. सुती दोऱ्याचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल : तो पाण्याने फुगतो आणि सुईने पाडलेली छिद्रे बुजवतो. दुर्दैवाने ओल टिकून राहिली की तो कुजतोही. पॉलिस्टरच्या गाभ्यावर सुताचे आवरण असलेला दोरा या दोन्ही गुणांचा बऱ्यापैकी मेळ घालतो.

दोऱ्याची जाडी टेक्समध्ये मोजतात, म्हणजे १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन. घरगुती मशीनवर टेक्स ७० पर्यंतचा दोरा बहुधा चालतो. टेक्स १३५ साठी १४०/२२ क्रमांकाची सुई आणि ती पेलणारे भक्कम मशीन लागते. सुईवरील पहिला आकडा तिच्या दांड्याची जाडी मिलिमीटरच्या शतांशात सांगतो, त्यामुळे १००/१६ ची सुई १ मिलिमीटर जाड असते. टेक्स ७० ला मी १००/१६ वापरतो आणि दुमडीचे तीन-चार थर एकत्र येत असतील तर ११०/१८. सुई बारीक पडली तर दोरा नेढ्यात घासून पिंजतो, शिवाय वरचा आणि बॉबिनचा दोरा जिथे अडकतात ती गाठ कापडाच्या आत न शिरता पृष्ठभागावर दिसत राहते, आणि आपण उगाच ताणाचा स्क्रू फिरवत बसतो. सुई फार जाड झाली तर दोऱ्याने न भरणारी छिद्रे उरतात व त्यांतून पाणी झिरपते. एक सोपी परीक्षा आहे : हातभर दोरा सुईत ओवून तिरपा, ताठ धरावा, सुई आपल्या वजनाने सहज खाली घसरली तर जोडी जमली.

टोकाच्या बाबतीत घट्ट विणीच्या कापडाला जीन्ससाठीची सुई योग्य, कारण तिचे टोक अणकुचीदार आणि दांडा सहजी न वाकणारा असतो. चामड्यासाठीची सुई जाड कापडालाही चालेल असे अनेकांना वाटते. ती वापरू नये. तिचे धारदार टोक विणीतले धागे कापते, आणि ओढ बसल्यावर कापड टाक्यांच्या रेषेवरच फाटते. याच कारणासाठी टाकाही लांब, ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवावा. जवळजवळचे टाके कापडाला मजबुती न देता छिद्रांची रांग तेवढी पाडतात.

आणि टाके चुकू लागले, तर मशीन उघडण्याआधी सुई बदलून पाहावी. जाड दुमडीवर ती वाकलेली असते, पण डोळ्यांना ते दिसत नाही.