तुम्ही विचारलंत म्हणून: पूल लोखंडाचा बरा की काँक्रीटचा?

पुलांची कामं करणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. त्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात: पुलावरून काय जाणार आणि गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, किती.

पादचारी पुलावर वजन थोडं, पण तो पावलांबरोबर डुलता कामा नये. लंडनचा मिलेनियम पूल २००० साली असाच डुलला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. रेल्वेच्या पुलाला वजनाखेरीज ब्रेकचा आडवा जोरही सोसावा लागतो. गंमत आहे ती कालवा वाहून नेणाऱ्या पुलाची. त्यावर भरलेलं जहाज आलं तरी भार वाढत नाही, कारण जहाज आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं.

आता गाळा. दगड दाब सोसतो, ताण नाही; म्हणून दगडी पुलाला कमान. काँक्रीटही त्याच जातीचं, ताणापुढे त्याची ताकद दाबाच्या जेमतेम एक दशांश. म्हणून साध्या तुळईत खालच्या अंगाला, जिथे ताण येतो तिथे, सळया. ही जोडी टिकते कारण दोन्ही उष्णतेने जवळपास सारखीच वाढतात. दहाएक मीटरला साधा स्लॅब पुरतो, तीस-चाळीस मीटरला पूर्वताणित गर्डर, म्हणजे आतल्या तारा ताणून काँक्रीट आधीच दाबून ठेवलेली तुळई. त्याहून फार पुढे गेलं की काँक्रीटची बरीचशी ताकद स्वतःचंच वजन पेलण्यात जाते, आणि पोलाद परवडू लागतं. तुर्कस्तानातल्या चानाक्काले पुलाचा २०२३ मीटरचा गाळा पोलादी तारांवरच टांगलेला आहे.

पण पूल बिघडतो तो बहुतेकदा पाण्याने. शंभर मीटरचा पूल तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४८ मिलिमीटर वाढतो, म्हणून सांध्यात फट ठेवतात. त्या फटीतलं रबर फाटलं किंवा पुलावरचं पाणी काढणारे पाइप तुंबले, की पाणी थेट गर्डरच्या टोकांवर आणि बेअरिंगवर, म्हणजे गर्डर ज्या टेकूवर बसतो त्यावर. सळईवरच्या ४०-५० मिलिमीटर काँक्रीटमधून ओल, त्यातही खारी, आत पोचली की गंज धरतो. गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि काँक्रीट फुटतं. पोलादी पुलाचा गंज निदान डोळ्यांना दिसतो, खरवडून रंग देता येतो. इटलीत जेनोवाच्या पुलाला तोलून धरणाऱ्या पोलादी तारा काँक्रीटमध्ये बंद होत्या; २०१८ साली तो कोसळला, ४३ माणसं गेली.

आणि पाया उघडा पडला तर वर लोखंड आहे की काँक्रीट, याने काही फरक पडत नाही. भर पुरात खांबाभोवतीची माती खरवडली जाते, पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो आणि वरून सगळं शाबूत दिसतं. म्हणून पुरानंतर खांबाजवळ लांब सळई खुपसून पाहतात. ती अलगद आत गेली, तर तिथली माती जुनी नव्हे.