पुढून एक, मागून तीस

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंटचे फोटो सगळे पुढूनच काढलेले असतात. हिरवळ, तिच्यामागे अर्धचंद्रासारखी वळलेली पिवळसर दगडी इमारत, 114 आयोनिक, म्हणजे माथ्याशी गुंडाळीसारखी नक्षी असलेल्या, खांबांची रांग. बघणाऱ्याला राजवाडाच वाटतो. खरं तर ही 30 बिऱ्हाडांची चाळ. श्रीमंतांची, एवढंच.

धाकट्या जॉन वुड या वास्तुविशारदाने ती 1767 ते 1775 या काळात उभी केली. त्याची शक्कल अशी, की गिऱ्हाइकाने विकत घ्यायचा तो दर्शनी भिंतीचा तुकडा. तिथले खांब, खिडक्या, कठडा सगळं ठरलेलं, त्यात ढवळाढवळ नाही. मागचं घर मात्र ज्याने त्याने आपला वास्तुविशारद गाठून हवं तसं बांधावं. त्यामुळे मागच्या बाजूला छपरं वरखाली, भिंती पुढेमागे. पुढे घोटून बसवलेले चिरे, मागे ओबडधोबड दगड. जिकडे पाहुणा फिरकत नाही तिकडे खर्च कशाला!

हा बाथचा दगड म्हणजे चुनखडक. खाणीतून काढला की ओला, मऊ. वाऱ्यावर राहून टणक होतो. खाणीत थर आडवे असतात तसेच ते भिंतीतही आडवे यावे लागतात. थर उभे करून तोंडाशी आणले, की काही वर्षांनी पापुद्रे सुटू लागतात. त्याहून वाईट म्हणजे सांध्यात भरलेलं सिमेंट. चुन्याच्या सांध्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, मग ती दगडातून वाट काढते आणि सांधा शाबूत राहून चिराच झिजतो.

छपरापुढच्या कठड्याआड लपलेल्या पन्हळींकडेही लक्ष हवं. पानं अडकून पाणी तुंबलं, की ते भिंतीत झिरपतं आणि तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजवतं. खाली छतावर डाग उमटेपर्यंत सुताराचं काम वाढलेलं असतं.

पुढच्या शिस्तीलाही माणसांनी सोडलं नाही. 19व्या शतकात बऱ्याच खिडक्यांचे उंबरे खाली उतरवून काचा लांब केल्या, आणि रांगेची रेघ मोडली. काही ठिकाणी ते पुन्हा वर चढवले आहेत. 1970च्या दशकात एका मालकिणीने पुढचं दार पिवळं रंगवलं. नगरपालिकेने रंग बदलायला सांगितलं, बाईंनी अपील केलं, फाइल मंत्र्यांपर्यंत गेली. निकाल लागला: पिवळं चालेल.