बर्लिनमधील स्टासीचे मुख्यालय: आधी कार्डे पाहावीत, मग कॅमेरे

पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे, म्हणजे स्टासीचे, बर्लिनमधील मुख्यालय पाहायला जाणारे प्रवासी सहसा थेट पहिल्या क्रमांकाच्या इमारतीतील संग्रहालयात शिरतात. अलेक्झांडरप्लाट्झहून यू-५ भुयारी रेल्वेने माग्डालेनेनश्ट्रासे स्थानकावर उतरल्यानंतर आधी त्याच आवारातील सातव्या इमारतीत जावे, असे मी सुचवेन. तेथे अभिलेखागाराविषयीचे विनामूल्य प्रदर्शन आहे.

फळ्यांवर शेजारी शेजारी उभे लावल्यास सुमारे १११ किलोमीटर भरतील एवढे कागद स्टासीने मागे ठेवले. पण मला त्या लांबीपेक्षा कार्डांची व्यवस्था अधिक बोलकी वाटली. ‘एफ-१६’ या कार्डावर माणसाचे खरे नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असे, तर ‘एफ-२२’वर तोच क्रमांक, प्रकरणाचा प्रकार आणि सांकेतिक नाव असे, मात्र खरे नाव नसे. खबऱ्या कोण, हे स्टासीच्याच सर्व कर्मचाऱ्यांना कळू नये म्हणून ही फारकत होती. १९८९मध्ये सुमारे ९१,००० कर्मचारी आणि १,८९,००० खबरे असलेल्या यंत्रणेला ती गरजेची वाटली, यात नवल नाही. ‘आम्ही नाव काढून केवळ क्रमांक ठेवतो’ असे आज एखादे अ‍ॅप सांगते, तेव्हा दुसरे कार्ड कोणाच्या हाती आहे, हे विचारायला हवे. शिवाय फोन रात्री कुठे आणि दिवसा कुठे असतो, एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. तेव्हा दुसऱ्या कार्डाची गरजही उरत नाही.

पहिल्या इमारतीत, १९५७ ते १९८९ या काळात राज्यसुरक्षा मंत्री, म्हणजेच स्टासीचे प्रमुख, असलेल्या एरिख मील्केंचे दालन जतन केले आहे. झाडांना पाणी घालायच्या झारीत लपवलेल्या कॅमेऱ्यापाशी गर्दी होतेच. तिथे फार वेळ घालवू नये. स्टासीच्या १९७६च्या अंतर्गत निर्देशानुसार, अटक न करता माणसाची अब्रू, नोकरी आणि मैत्री कशी पोखरली जाई, त्याविषयीचे फलक मात्र सावकाश वाचावेत. त्यासाठी गुन्ह्याचा पुरावा नव्हे, तर घरगुती बारीकसारीक माहिती लागे. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्यांनी हा भाग टाळू नये.

बर्लिनमधीलच होहेनशोनहाउझेन येथील स्टासीचा तुरुंग दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. एम-५ ट्रामने फ्राइनवाल्डर श्ट्रासेपर्यंत जाऊन पुढे थोडे चालावे लागते. कोठड्या मार्गदर्शकासोबतच पाहता येतात आणि काही मार्गदर्शक स्वतः तेथील माजी कैदी आहेत. म्हणून इंग्रजी फेरीची वेळ पाहून आधीच आरक्षण करावे.