तुम्ही विचारलंत म्हणून: मिडनाइट ऑइलची नवीन गाणी कशाला ऐकायची?

मला हे खूपदा विचारतात, की हे म्हातारे रॉकवाले इतक्या वर्षांनी परत एकत्र येतात ते पैशासाठीच ना, जुनी हिट गाणी आहेत की, मग नवीन अल्बम कोण ऐकणार. तुम्हीही विचारलंत म्हणून मिडनाइट ऑइलबद्दलच लिहितो, माझं उत्तर तिथेच आहे.

सिडनीचा बँड. आपल्याकडे बहुतेकांना 'बेड्स आर बर्निंग' तेवढं माहीत असतं, १९८७ चं. पण त्याच्या आदल्या वर्षी हे लोक वारुंपी बँड या आदिवासी वस्तीतल्या बँडबरोबर वाळवंटातल्या दूरदूरच्या वस्त्यांमध्ये वाजवत फिरले होते, आणि तिथल्या पिंटुपी आदिवासींची जमीन त्यांना परत द्या असं सरळ सांगणारं ते गाणं त्या फिरण्यातून आलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात तर 'सॉरी' छापलेले काळे कपडे घालून स्टेजवर आले, आणि प्रेक्षकांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड, जे आदिवासींची सरकारी माफी मागायला तयारच नव्हते! मला अजूनही ते बघताना काटा येतो अंगावर.

२००२ च्या शेवटी गायक पीटर गॅरेटने बँड सोडला, लेबर पार्टीचा खासदार झाला, २००७ ला पर्यावरणमंत्री. मंत्री असताना २००९ मध्ये त्याने युरेनियमच्या नव्या खाणीला मंजुरी दिली. अणुविरोधासाठी ओळखला जाणारा माणूस हा. कितीतरी फॅन्सना ते लागलं, मलाही ते पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

परत एकत्र आल्यावरची २०१७ ची वर्ल्ड टूर जुन्या गाण्यांवरच झाली. जोरदार झाली, पण तिथेच थांबले असते तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं.

मग ऑक्टोबर २०२० मध्ये 'द मकाराटा प्रोजेक्ट' आला, अठरा वर्षांनी नवीन गाणी, आणि माझ्यासाठी सगळा फरक इथे पडतो. १९८७ मध्ये हे पाच गोरे लोक आदिवासींबद्दल गात होते, कितीही मनापासून असलं तरी आवाज यांचाच होता. या अल्बममध्ये प्रत्येक गाण्यात आदिवासी कलाकार बरोबर आहेत, डॅन सुल्तान, जेसिका मॉबॉय, केव्ह कार्मोडी, आणि वारुंपी बँडचा गिटारिस्ट सॅमी बुचरसुद्धा! शेवटी तर उलुरूचं जाहीरनामा-पत्र वाचलंय, आदिवासींनी २०१७ मध्ये राज्यघटनेत आपला आवाज, म्हणजे संसदेला सल्ला देणारं आपलं मंडळ, मागितला होता ते, आणि वाचणाऱ्यांत फुटबॉलपटू अ‍ॅडम गुड्स आहे. बँडने आपल्या वाट्याचे पैसेही याच कामाला दिले, तर पैशासाठी म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

पुढच्याच महिन्यात बेसिस्ट बोन्स हिलमन कॅन्सरने गेला. त्याचा बेस २०२२ च्या 'रेझिस्ट'मध्येही आहे, कारण दोन्ही अल्बमचं रेकॉर्डिंग २०१९ मध्ये एकत्रच झालं होतं. २०२२ मध्येच शेवटची मोठी टूर करून त्यांनी सिडनीतच निरोप घेतला. २०२३ च्या सार्वमतात आदिवासींची ती राज्यघटनेतल्या आवाजाची मागणी हरली, फार वाईट वाटलं.

ऐकायचंच असेल तर 'द मकाराटा प्रोजेक्ट'मधल्या 'गाडिगल लँड'पासून सुरू करा. सिडनी ज्यांच्या जमिनीवर उभी आहे त्या गाडिगल लोकांचं गाणं, ड्रमर रॉब हर्स्टने लिहिलेलं, आणि मध्ये जोएल डेव्हिसन हा गाडिगल कवी आपल्याच भाषेत बोलतो. हेडफोन लावून, आवाज मोठा ठेवून ऐका.