तुम्ही विचारलंत म्हणून : कारखान्याला लागून घर बांधावं का?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातावर पडता पडता. सत्तावीस वर्षं मी इंदूरमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले, ते पास करून घेण्यासाठी टीएनसीपी म्हणजे नगररचना खात्याच्या आणि नगर निगमच्या चकरा मारल्या, म्हणून लोकांना वाटतं हिला विचारावं. विचारणं असं असतं: "वहिनी, सांवेर रोडला कारखान्यांच्या मागे प्लॉट मिळतोय, शहरातल्या भावाच्या निम्म्यात. जमीन औद्योगिक आहे म्हणे. घेऊ का?" आणि जरा वाचन असलेला कोणी असला तर पुढचं: "सरकारनं बाजारात आणि इंडस्ट्रियल एरियात घरांना सरळ परवानगीच का देऊ नये? तुम्ही स्वतः बाजारात वाढलात ना?"

वाढले. आमचं बिऱ्हाड इंदूरच्या सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत, वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली सोन्याचांदीची दुकानं. ती रात्री मिटली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागायची. थंडीत तळलेल्या गराडू कंदाचा वास थेट आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. रात्री अकराला आजीचं औषध संपलं तर आई मला एकटीला खाली पाठवायची, आणि तिला काळजी वाटायची नाही, कारण रस्त्यावर मला नावानं ओळखणारी दहा माणसं जागी असायची. वडिलांची नोकरी पायी सात मिनिटांवर होती. म्हणून बाजारात घरं असावीत की नाही, यावर माझ्या मनात कधीच दुमत नव्हतं. असावीत. ज्या बाजारातून माणसं दुसरीकडे राहायला गेली, तिथले वरचे मजले गोदामं झाले. अशा बाजारात पहाटे तीनला वायर जळाल्याचा वास पहिल्यांदा कोणाला येणार? कोणालाच नाही. आग रस्त्यावर दिसायला लागली की मग शटरं उघडायला मालकाला लांबच्या सुदामानगर कॉलनीतून बोलवायचं.

पण त्याच घरातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आमच्या शेजारचं कुटुंब नव्या कॉलनीत गेलं आणि त्यांच्या दोन खोल्या सोन्याचं काम करणाऱ्या कारीगरांना भाड्यानं दिल्या गेल्या. भली मुलं होती, बंगालकडची, दिवाळीला आईच्या पाया पडायची. सोनं साफ करायला ती तेजाब, म्हणजे ॲसिड, वापरायची. मधल्या भिंतीला वरती जाळी होती. देव्हाऱ्यापाशी आईची पितळेची समई असायची, माहेरून आणलेली. आई ती दर गुरुवारी चिंचेनं घासायची. त्या पावसाळ्यात गुरुवारी घासलेली समई रविवारी हिरवी पडायला लागली. आधी वातीच्या खाचेत, मग खाली दांड्याच्या वळ्यांमध्ये. आईला वाटलं चिंच बरोबर नाही. मग लिंबू, मग राख, सगळं करून झालं. आजीचा खोकला त्याच महिन्यात सुरू झाला होता, पण खोकला आणि समई यांचा एकमेकांशी संबंध आमच्या लक्षात यायला दिवाळी उजाडली. वडिलांनी जाळी विटांनी बुजवली. समई पुन्हा पिवळी राहू लागली. आजीचा खोकला मात्र गेला नाही.

तोच वाडा, तोच बाजार, नकाशावर तोच रंग. एका भिंतीच्या अलीकडे घर, पलीकडे तेजाब. तेव्हापासून मला कोणी "जागा कमर्शियल आहे की इंडस्ट्रियल" विचारलं की मी उलट विचारते: भिंतीपलीकडे काय आहे? आणि दुसरं: तुमच्याकडे तिथे रात्री कोण झोपणार आहे?

झोपेचं मी एवढ्यासाठी म्हणते की घर आणि कामाची जागा यांतला खरा फरक तोच आहे. कारखान्यातल्या हवेत कशाचं किती प्रमाण चालेल, याच्या मर्यादा बहुतेक आठ तासांच्या पाळीचा हिशेब धरून ठरवतात. कामगार जागा असतो, धडधाकट असतो, पाळी संपली की बाहेर पडतो. घरात सहा महिन्यांचं बाळ चोवीस तास असतं. आवाजाचंही तसंच. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यावसायिक भागात ५५, औद्योगिक भागात ७०. वाचताना ४५ आणि ७० फार लांब वाटत नाहीत, पण डेसिबलचं मोजमाप चढत्या पटीचं असतं; या दोहोंत आवाजाच्या ताकदीचा फरक तीनशे पटींहून जास्त आहे. औद्योगिक जमिनीवर घर बांधलेल्या माणसाच्या उशापाशी रात्रभर ७० डेसिबलचं मशीन चाललं तर ते नियमातच आहे. तक्रार कुठे करणार?

माझे मामा परदेशीपुऱ्याकडच्या एका कापड गिरणीत होते. गिरणी दिवसरात्र चालायची, पाळी बदलायचा भोंगा आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायचा. सुरुवातीची वर्षं ते गिरणीच्या भिंतीला टेकलेल्या चाळीत राहिले. मामी सांगायची, वाळत घातलेली धोतरं संध्याकाळी झटकली की कापसाचा भुगा उडायचा. पुढे ते नंदानगरला गेले. गिरणी कामगारांसाठी वसवलेली ती वस्ती, गुलझारीलाल नंदांच्या नावाची. गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण भिंतीला लागून नाही. भोंगा ऐकू यायचा, भुगा यायचा नाही. मला विचाराल तर या वादाचं उत्तर आमच्या शहरानं त्या एका वस्तीत कधीच देऊन ठेवलं होतं, आपण ते विसरलो. इंदूरजवळच्या पीथमपूरला एवढे कारखाने उभे राहिले, आणि कामगार अजून रोज इंदूरहून बसनं जातात किंवा आजूबाजूच्या गावांत एका खोलीत सहा-सहा जण राहतात. उद्योगांना जमीन देताना त्या कामगारांनी झोपायचं कुठे याचा विचार जेवढा व्हायला हवा तेवढा झाला नाही, हे मला मनापासून लागतं.

आणि मध्य प्रदेशात राहून या विषयावर बोलायचं तर भोपाळ टाळता येत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यासमोर जयप्रकाश नगर होतं. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला तेव्हा माणसं झोपेत होती. त्याच वर्षी राज्यानं शहरांतल्या भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे, म्हणजे हक्काचे कागद, देणारा कायदा केला होता. तो कायदा गरिबांच्या भल्याचा होता आणि आजही मी त्याच्या बाजूनं बोलेन. पण पट्टा देताना समोरच्या टाक्यांत काय भरलंय हे पाहणं त्या कायद्याचं काम नव्हतं, आणि नेमकं तेच कोणाचंच काम नव्हतं. चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून आमच्या शेजारी पीथमपूरला आला आणि पुढे तिथेच जाळला गेला. लोक रस्त्यावर उतरले, कारण कचरा जाळणारा प्रकल्प आहे तिथून तारपुरा गाव अगदी जवळ आहे. गाव काही नव्यानं अवैध वसलेलं नाही, ते आधीपासूनच तिथे आहे. म्हणजे कधी घर कारखान्यापाशी जातं, तर कधी कारखाना घरापाशी येतो. दोन्हीकडे मधलं अंतर राखणारं कोणी नसतं.

याची दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. इंदूरच्या पालद्याकडे एक खराद, म्हणजे लेथ, मशीनचं वर्कशॉप होतं, तीन मशीनं, आठ माणसं. आम्ही त्यांच्या शेडचा नकाशा काढला होता, तेव्हा आजूबाजूला रान होतं. दहा-बारा वर्षांत तिन्ही बाजूंनी मजले चढले. मग आवाजाच्या तक्रारी, नोटिसा, आणि शेवटी कुलूप. तक्रार करणाऱ्यांचंही चुकलं नव्हतं, त्यांना रात्री झोप हवी होती. पण त्या आठ जणांचा रोजगार गेला. औद्योगिक जमिनीवर घरांना सर्रास मुभा दिली की घराचा भाव कारखान्याच्या भावाला मागे टाकतो, आणि लहान वर्कशॉप आधी जातात. वेल्डिंगवाला, खरादवाला, डायवाला. मग हे काम करणाऱ्यानं शहरात जायचं कुठे?

जपानचं उदाहरण मला फार पटतं. तिथे जमिनीचे तेरा विभाग आहेत आणि त्यातल्या बारांत घर बांधता येतं. फक्त निव्वळ औद्योगिक असा जो एक विभाग आहे, तिथे घराला मनाई. दुकान, दवाखाना, लहानसं वर्कशॉप आणि घर एका गल्लीत चालतं, पण टाक्या आणि भट्ट्यांच्या जागी कोणी झोपायचं नाही. आपल्याकडेही रेष ओढायचं साधन आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांना जास्त प्रदूषणापासून कमीकडे लाल, नारिंगी, हिरवा अशा वर्गांत टाकतं. २०१६ मध्ये जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्यांसाठी पांढरा वर्गही आला. पांढऱ्या उद्योगाच्या डोक्यावर घर असायला माझी काही हरकत नाही. लाल उद्योगापासून घर लांबच हवं, आणि किती लांब ते मंजुरीच्या कागदावर आकड्यात लिहिलेलं हवं. विकास योजनेच्या नकाशावर घरं पिवळी आणि कारखाने जांभळे असतात. त्या जांभळ्यात अगरबत्तीचं पॅकिंग आणि रसायनांची भट्टी एकाच रंगात बुडालेली असतात. माझं भांडण आहे ते त्याच्याशी.

बंद गिरण्यांच्या जमिनीचं वेगळं. इंदूरची हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि तिच्या कामगारांची देणी, सुमारे २२४ कोटी, २०२३ च्या डिसेंबरात सुटली. त्या आवारात आता दाट झाडं आहेत, आणि तिथे काय व्हावं यावर शहरात वाद आहे. कुठल्याही जुन्या गिरणीच्या जागी घरं होत असतील तर मी आनंदानं हो म्हणेन, पण आधी माती तपासा. कापड रंगवायच्या खात्याचं पाणी कुठे मुरलं, बॉयलरची राख कुठे टाकली, हे जुन्या कामगारांना विचारा, ते अजून आहेत. झाडं राखा. आणि काही घरं तरी अशी ठेवा की त्या गिरणीत आयुष्य घालवलेल्यांच्या नातवंडांना परवडतील.

हे सगळं ऐकून मागे एका मुलानं मला गप्प केलं. माझ्या मैत्रिणीच्या ओळखीनं आला होता, एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला, नुकतीच मुलगी झालेली. प्लॉट कारखान्यांच्या मागे, रजिस्ट्री नाही, नोटरीवर लिहून दिलेला कागद. मी त्याला सगळं समजावलं. डायव्हर्शन, म्हणजे जमिनीचा वापर बदलून निवासी करणं, होणार नाही, नक्शा पास होणार नाही, बँक कर्ज देणार नाही, उद्या तोडायला आले तर भरपाई मागता येणार नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही नाही म्हणालात तर मी राहणार आत्ता राहतो तिथेच. म्हणजे शेडच्या पत्र्यावरच्या खोलीत. तिथे कोणाची परवानगी लागत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरांना मनाई केली म्हणून कारखान्यात कोणी झोपायचं थांबत नाही, हे मला माहीत होतं. दिल्लीच्या अनाज मंडीत डिसेंबर २०१९ मध्ये पहाटे आग लागली आणि ४३ माणसं गेली, बहुतेक कारखान्यातच झोपलेले कामगार. मनाईनं ती माणसं दिसेनाशी झाली होती, एवढंच. म्हणून माझी मागणी आता दुहेरी आहे. भट्ट्यांपाशी घर नको, आणि ज्या कारखान्याला जमीन दिली त्याच्या कामगारांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर भाड्याच्या खोल्या हव्यात, त्याच मंजुरीत, त्याच वेळी. एक दिलं आणि दुसरं नंतर बघू असं म्हटलं की दुसरं कधीच होत नाही.

त्याला मी एवढंच म्हटलं, की पैसे देण्याआधी एकदा रात्री त्या प्लॉटवर जा. दिवसा सगळ्याच जागा बऱ्या दिसतात. नाल्याचा वास घे, मागच्या कारखान्याच्या चौकीदाराशी बोल, रात्री काय सुरू होतं ते विचार, जमिनीवर सतरंजी टाकून तासभर आडवा पड.

तो खरंच गेला. पावणेदोनला फोन आला. त्याच्या आवाजामागे काहीतरी एकसारखं घरघरत होतं, त्याला दोनदा परत बोलायला सांगावं लागलं.

"मावशी, ऐकू येतंय ना? मी आडवा पडलोय. तुम्ही सांगा, इथे छोटीला झोप लागेल?"

"नाही लागणार रे," मी म्हटलं. "उठ, आणि घरी जा. सकाळी तो कागद घेऊन ये. नंदानगरकडे भाड्याची खोली मिळते का, ते आपण आधी बघू."