लाकडी रिपांवर जिप्सम बोर्डचं सीलिंग, घरच्या घरी (माझा अनुभव)

हॉलचं सीलिंग शेवटी मी आणि धाकट्या भावाने मिळून घरीच केलं. मेटल चॅनल न घेता लाकडी रिपा घेतल्या, कारण खोलीची उंची मुळातच कमी आणि रिपा डायरेक्ट स्लॅबला मारल्या की जेमतेम दोनेक इंच जातात.

एक गोष्ट आता मी ठामपणे सांगेन, बोर्ड चढवणं हे यातलं सोपं काम आहे, खरी मेहनत रिपांच्या लेव्हलमधे आहे. रिपा आणून आधी काही दिवस त्याच खोलीत रचून ठेवल्या, कारण ओलं लाकूड नंतर सुकताना आकसतं, पिळतं, स्क्रू सैल पडतात आणि सांध्यांना चिरा जातात. एकेक रीप डोळ्यासमोर धरून बघितली, वाकडी वाटली की बाजूला. वाळवीचं औषधही तेव्हाच मारून घेतलं, नंतर वर हात पोचत नाही.

लेव्हल पाण्याच्या नळीने काढली. नळीत बुडबुडा राहिला तर मार्क चुकतो म्हणून पाणी हळूहळू भरायचं आणि दोन्ही टोकांचं पाणी पूर्ण थांबेपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही. चारही भिंतींवर एकाच उंचीचे मार्क घेतले, तिथून वर स्लॅबपर्यंत मोजत गेलो तेव्हा कळलं की स्लॅब मधे चांगलाच खाली आलाय, खालून बघून हे कधीच लक्षात आलं नसतं. मग सगळ्यात खालचा पॉइंट धरून त्या हिशोबाने रिपांची उंची ठरवली, भिंतीपासून भिंतीपर्यंत सूत ताणून बांधलं आणि जिथे जिथे रीप सुताच्या वर राहत होती तिथे मागे पाचर सारून स्क्रू आवळले. वेळखाऊ आहे, पण याच कामाला भरपूर वेळ द्या, बोर्ड रिपेच्या मागे मुकाट जातो, रीप वाकडी तर बोर्डही वाकडा.

रिपांच्या मधल्या रेषांमधे १६ इंच अंतर ठेवलं. ८ फुटी बोर्ड रिपांना आडवा लावला की त्याचं टोक बरोबर रिपेच्या मध्यावर येतं, म्हणून रीप किमान २ इंच रुंद हवी, दोन बोर्डांना एकेक इंच बूड मिळतं. शेजारच्या ओळीतले टोकाचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखे मागेपुढे करायचे. बंद करण्याआधी वायरिंगचे फोटो काढून ठेवले आणि लाइटच्या जागा मोजून लिहिल्या.

८ बाय ४ चा साडेबारा एमएमचा बोर्ड २५ किलोच्या आसपास भरतो, डोक्यावर धरून स्क्रू मारणं शक्यच नाही, त्यासाठी रिपेच्याच उरलेल्या लाकडाचा टी आकाराचा टेकू केला, उंचीला सीलिंगपेक्षा किंचित जास्त, म्हणजे तिरका सारून उभा केला की बोर्ड घट्ट दाबून धरतो. स्क्रू ३५ एमएमचे काळे, मोठ्या आट्यांचे, लाकडात तेच पकडतात. डोकं बोर्डवर चिकटवलेल्या कागदाच्या पातळीपेक्षा जरासं आत गेलं पाहिजे पण कागद फाटता कामा नये, कारण बोर्डला धरून ठेवतो तो कागदच. फाटला तर तो स्क्रू धरायचा नाही, दोन इंचावर दुसरा मारायचा. भिंतीलगत बारीक फट सोडली.

सांध्यांवर कागदी टेप आणि कंपाउंडचे (सांधे भरायच्या लगद्याचे) तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि मधे पूर्ण वाळू देऊन. शेवटी घासताना खोलीतला लाइट बंद करून टॉर्च सीलिंगला अगदी चिकटवून आडवी धरली, सावली पडली की तिथे उंचवटा, हे प्रायमरच्या आधीच करा, रंग लागल्यावर तेच सांधे खिडकीच्या उजेडात दिसत राहतात. आणि पंखा कधीही बोर्डला किंवा रिपेला टांगू नका, आम्ही स्लॅबच्या हुकाखाली बोर्डला फक्त भोक ठेवलं, रॉड त्यातून थेट हुकाला.