नामिबियात टपावरचा टेंट: कुठे झोपावं, कुठे सरळ रूम घ्यावी

जुलैत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, दीर आणि जाऊबाई, नामिबियात गाडीने फिरून आलो. विंडहोकला, म्हणजे तिथल्या राजधानीत, भाड्याने टोयोटा हायलक्स पिकअप घेतली, डबल कॅब म्हणजे सीटच्या दोन रांगांची, टपावर दोन रूफटॉप टेंट (घडी होऊन टपावरच राहणारे, शिडीने चढून झोपायचे तंबू), मागे फ्रिज, गॅस, भांडीकुंडी, टेबलखुर्च्या सगळं आलं. रूट नेहमीचाच, विंडहोक, सेसरीम, स्वाकोपमुंड, स्पिट्झकोप, ट्वायफेलफाँटेन, एटोशा आणि परत विंडहोक. आल्यापासून ओळखीचे लोक एकच विचारतायत, टपावर झोप लागते का, भीती वाटत नाही का, आणि आपण इथे आपल्या गाडीवर बसवावा का. म्हणून हे लिहितेय, जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी मला कळलेली मुख्य गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी किती वाजता हलवायचीय, यावर सगळं ठरतं. निवांत आवरून पुढच्या गावाला निघायचं असेल तर टपावरच्या टेंटइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. पण अंधारात उठून गाडी घेऊन कुठेतरी पोचायचं असेल आणि रात्री परत त्याच जागी यायचं असेल तर हाच टेंट नकोसा होतो, कारण तुमचं घर गाडीलाच बांधलेलं असतं, ते घडी केल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

आता तिकडे सगळे टपावरच का झोपतात ते. देश सव्वाआठ लाख चौरस किमीचा, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि माणसं जेमतेम तीस लाख. तासन् तास समोरून गाडी येत नाही. हॉटेलं लांब लांब आणि महाग, पण कॅम्पसाईट बऱ्याच ठिकाणी, आणि त्या खरंच छान असतात, तुमची अशी जागा, एक झाड, नळ, ब्राय म्हणजे मांस-भाज्या भाजायची लोखंडी जाळी, कुठे कुठे लाइटचा पॉईंट. जमीन मात्र दगडासारखी, साध्या तंबूच्या खुंट्या ठोकता ठोकता हात भरून येतील. शिवाय विंचू-साप खाली, आपण वर. गादी चांगली जाड असते, अंथरुणं आतच ठेवून घडी घालता येते, त्यामुळे रोज गाव बदललं तरी रोज बिछाना घालायचं काम नाही. पहिल्या रात्री आम्हाला टेंट उघडायला वेळ लागला, नंतर एकेक टेंट दहा मिनिटांत व्हायला लागला. घडी घालायला मात्र त्याहून जास्त वेळ धरा, आणि ती माहिती कुठल्याही ब्रोशरमध्ये नसते.

सेसरीमला, म्हणजे नामिब वाळवंटातल्या लाल टेकड्यांच्या पार्कच्या गेटपाशी, हे सगळं एकदम कळलं. विंडहोकहून रेहोबोथ, सॉलिटेअर करत सव्वातीनशे-साडेतीनशे किमी, त्यातला बराचसा रस्ता खडीचा, त्यामुळे अख्खा दिवस धरायचा (सॉलिटेअरला ॲपल पाय खायचा, त्या उजाड माळावर ती बेकरी म्हणजे कमाल आहे). सेसरीमच्या कॅम्पसाईटला बाभळीच्या जातीचं एकेक मोठं झाड, कॅमलथॉर्न म्हणतात, त्याच्याभोवती दगडी गोल कठडा, शेजारी तुमची गाडी. इथे सरकारी कॅम्पमध्ये राहायचा मोठा फायदा म्हणजे पार्कचं आतलं गेट सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं, बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयापर्यंत थांबावं लागतं. लाल वाळूच्या टेकड्यांवर पहिलं ऊन बघायचं तर हा एक तास सोन्याचा आहे, कारण ड्यून ४५ ही चढायची प्रसिद्ध टेकडी गेटपासून ४५ किमीवर आणि सॉसुसव्लेई या टेकड्यांमधल्या पांढऱ्या तळाचं पार्किंग साठेक किमीवर.

पण जुलैत तिकडे ऐन हिवाळा, रात्री पारा पाचच्या खाली जातो, गेट उघडणार साडेसहा-पावणेसातला, म्हणजे पाचला उठणं आलं. हेडलँप लावून आधी शिडीवरून खाली, दातखीळ बसतेय, मग खिडक्यांचे स्प्रिंगचे दांडे एकेक काढायचे, शिडी आत सरकवून तिनेच रेटत टेंटची टपाबाहेर अधांतरी असलेली अर्धी फरशी उचलून टपावरच्या अर्ध्यावर आडवी करायची, चारी बाजूंनी बाहेर आलेलं कॅनव्हास आत खोचायचं, एकाने चाकावर उभं राहून दाबायचं, दुसऱ्याने पट्टे आवळायचे, मग वरचं जाड कव्हर ओढून चेन लावायची. आणि हे दोनदा, कारण टेंट दोन. गार पडलेलं कव्हर कडक होतं, ते पुरतच नाही असं वाटतं. आमच्या शेजारी एक जोडपं जमिनीवरच्या साध्या तंबूत होतं, ते उठले, तंबूची चेन ओढली आणि गेले, इतकंच.

म्हणून सल्ला असा, सेसरीमला दोन रात्री असाल तर पहिल्या रात्री टेंट आणि सूर्योदयाच्या आदल्या रात्री तिथेच आतल्या बाजूला रूम मिळाली तर घ्या, बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं. नाहीतर चौघांत एक साधा तंबू बरोबर ठेवा. तेही नको असेल तर झोपायचे कपडे घालायच्या ऐवजी सकाळचेच कपडे घालून झोपा, कॉफीचा थर्मास रात्रीच भरून ठेवा. एक टेंट आदल्या रात्री उघडायचाच नाही, असं करणारेही लोक तिथे बघितले, दोघं टपावर नी दोघं गाडीच्या सीटवर. ते मला नाही पटलं, दिवसभर ड्राइव्ह करणाऱ्याला नीट झोप हवीच.

सॉसुसव्लेईजवळच्याच डेडव्लेई या कोरड्या तळाबद्दल वेगळं काय लिहू, सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली झाडं अजून उभी आहेत, पांढरी जमीन, मागे लाल टेकडी, बघून यायलाच हवं. तिथे पोचायच्या रस्त्यावर शेवटचे पाचेक किमी खोल वाळू आहे, टायरची हवा १.२ बारपर्यंत उतरवा, फोर बाय फोर टाका आणि मधे थांबू नका. टपावर दोन टेंट म्हणजे शंभर किलोहून जास्त वजन डोक्यावर घेऊन गाडी चालते, वाळूत आणि वळणावर ते जाणवतं. वाळूत चालवायचा अनुभव नसेल तर तिथे शटल मिळते, खुशाल घ्या.

हे वजनाचं प्रकरण खडीच्या रस्त्यांवर जास्त गंभीर आहे. तिकडे रस्ता सरळसोट आणि रिकामा, त्यामुळे पाय आपोआप दाबला जातो, आणि मग एखाद्या वळणावर खडीवर मागचं चाक सरकलं की वर जड असलेली गाडी पलटी व्हायला वेळ लागत नाही. पर्यटकांचे बरेच अपघात असेच, समोर दुसरी गाडी नसतानाच होतात. खडीवर ८०च्या वर जाऊच नका, बहुतेक भाड्याच्या करारांत त्यावर गेलात तर इन्शुरन्स मिळत नाही, काही गाड्यांत तर मशीन बीप बीप करतं. हवा १.८ ते २ बार ठेवा, प्रवास सुसह्य होतो नी पंक्चरही कमी. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, रस्त्यावर कुडू आणि ऑरिक्स ही मोठी हरणं येतात. बाकी ड्रायव्हिंग आपल्यासारखं डावीकडूनच, आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या.

धुळीचं सांगायचं राहिलं. गाडी ताब्यात घेताना टेंटच्या कव्हरची चेन आम्हाला घट्ट वाटली, तिथला माणूस म्हणाला चालेल, काही होत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. सॉलिटेअरच्या आधी ती चेन मधूनच उसवली आणि संध्याकाळी टेंट उघडला तर उशा, ब्लँकेट, सगळ्यावर पिठासारखी धूळ. जाऊबाईंना धुळीचा त्रास, त्यांनी ती रात्र तोंडाला ओढणी बांधून काढली. दुसऱ्या दिवशी पट्टे डबल आवळून आणि वर ताडपत्री बांधून काम भागलं. तर तुम्ही डेपोतच दोन्ही टेंट पूर्ण उघडायला लावा, झोपून बघा, चेन पूर्ण फिरवून बघा, शिडीचे लॉक बघा, व्हिडिओ काढून ठेवा. तासभर जाईल, जाऊ द्या. टेंटचं नुकसान बऱ्याचदा इन्शुरन्सच्या बाहेर असतं.

स्वाकोपमुंडला मात्र माझं मत एकदम पक्कं आहे, तिथे टेंट नकोच. समुद्रात बेंगुएलाचा थंड प्रवाह, त्यामुळे वाळवंट असून रात्री-सकाळी गच्च धुकं, कॅनव्हास पावसात भिजल्यासारखं होतं. आम्ही तिथे साधी गेस्टहाऊसची रूम घेतली, गरम पाण्याने अंघोळी, कपडे धुतले, सगळ्यांच्या पाठीला आराम. कधी ओला टेंट घडी करावाच लागला तर पुढच्या मुक्कामी पोचल्या पोचल्या उघडा, तिकडच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात वाळतो. तसाच ठेवला तर वास सुटतो आणि मग बुरशी. थंडीत आतून पण ओल धरते, चौघांचे श्वास, नवऱ्याने तर आल्यावर आधी गादी उचलून खालची ओल पुसायची सवयच लावून घेतली. दोन्हीकडच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवूनच झोपायचं, थंडी वाजली तरी.

स्पिट्झकोप! ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती जागा आणि टेंटची पण. ग्रॅनाइटचे नारिंगी डोंगर, मोठा सुळका १,७२८ मीटर, त्यांच्या पायथ्याशी विखुरलेल्या जागा, शेजारी दिसतसुद्धा नाही. लाइट नाही, नळ नाही, साधा कोरडा संडास, अंघोळ रिसेप्शनपाशी. पाणी भरून न्या. इथे दुसऱ्या दिवशी लवकर निघायची घाई नाही, त्यामुळे टपावरचा टेंट म्हणजे अगदी माडीवरच्या खोलीसारखा, जाळीतून सगळा डोंगर समोर. संध्याकाळी आम्ही मुगाची खिचडी लावली, जाळीवर बटरनट भोपळा नी कांदे भाजले, तूप नव्हतं पण बटरवर भागलं.

रात्री वारा सुटला. टेंट जमिनीवर असतो त्यापेक्षा वर वारा जास्त लागतो आणि टेंटवरचं फ्लाय, म्हणजे पावसासाठीचं बाहेरचं कापड, रात्रभर फडफडतं. उपाय असा की गाडी लावतानाच वाऱ्याकडे टेंटची बिजागरीची बाजू करायची, शिडीची जी बाजू अधांतरी बाहेर येते तिच्याखाली वारा शिरला तर ती उचलली जाते. आणि वारा वाढलाच तर खिडक्यांचे दांडे काढून फ्लॅप बंद. शिडीचंही महत्त्वाचं, ती फक्त चढायला नसते, अधांतरी अर्ध्या फरशीचा भार तिच्यावरच असतो, म्हणून वाळूत तिच्या पायाखाली चपटा दगड ठेवा. गाडी सपाट उभी करा, बॉनेटवर पाण्याची बाटली आडवी ठेवून बघायची, घरंगळली नाही म्हणजे ठीक. थोडा उतार असलाच तर डोकं चढाकडे.

एटोशात, म्हणजे उत्तरेकडच्या प्राण्यांच्या नॅशनल पार्कात, दोन्ही अनुभव आले. तिथल्या ओकाउकुयोच्या कॅम्पला पाणवठा आहे, रात्रभर दिवे असतात, टेंटपासून चालत दोन-चार मिनिटं, दगडी भिंतीमागे बाकावर बसायचं. काळे गेंडे आले, पिल्लू घेऊन, कोणी बोलत नव्हतं. कॅम्पला कुंपण आहे त्यामुळे सिंह-हत्तीची भीती नाही, पण कोल्हे आत फिरतात, चपला पळवतात, हलालीच्या कॅम्पला हनी बॅजर नावाचे छोटे धीट प्राणी कचऱ्याचे डबे आणि खाऊचे बॉक्स उघडतात. अन्न गाडीत, चपला वर टेंटमध्ये. गेट सूर्योदयाला उघडतं, म्हणजे सकाळी परत तीच घडी, पण इथे तासभर उशीर झाला तरी प्राणी दिसतात. दिवसा गाडी घेऊन गेलात की तुमची जागा रिकामी दिसते, टेबल-खुर्ची मांडून जा.

वयाचं पण स्पष्ट लिहिते. जाऊबाईंचा गुडघा दुखतो, रात्री टॉयलेटला शिडीवरून उतरणं त्यांना रोज जड गेलं, उतरताना तोंड शिडीकडे करूनच उतरायचं, हे त्यांना भाऊजी प्रत्येक वेळी सांगायचे. संध्याकाळी सातनंतर चहा बंद केला तेव्हा जरा बरं झालं. साठीच्या पुढचे आईवडील किंवा चार-पाच वर्षांची मुलं असतील तर निदान त्यांच्यासाठी खाली साधा तंबू किंवा रूम बघाच.

राहिला आपल्याकडे गाडीवर बसवायचा प्रश्न. मॅन्युअलमध्ये टपाचा भार बघा, चालत्या गाडीचा वेगळा आणि उभ्या गाडीचा वेगळा असतो, चालतीचा आकडा धरायचा. टेंट ५० ते ७० किलो, वर क्रॉसबारचं वजन. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांचे रूफ रेल नुसते शोभेचे असतात, त्यावर काहीही बांधू नका. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगची उंची मोजा, टेंटसकट गाडी बऱ्याच ठिकाणी आत जाणार नाही. आणि भंडारदऱ्याला किंवा पवनेला शनिवार-रविवार जाणार असाल तर मऊ जमीन आहे, एकाच जागी राहायचंय, चांगला साधा तंबू पुरतो. स्पिती-लडाख किंवा कच्छ असं रोज मुक्काम बदलत फिरणार असाल तरच पैसे घाला, आणि त्याआधी एखाद्या ट्रिपला भाड्याने घेऊन झोपून बघा.